पोथीतील मोकळ्या चौकटीपासून संगणकाच्या चौकटीपर्यंत
(जैन ग्रंथमुद्रणातील चित्रांची वाटचाल)

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मंदिरांचा वा आचार्यपरंपरेचा इतिहास अन्य अधिकारी लेखक लिहितील हे गृहीत धरून एका उपेक्षित विषयाकडे वळावेसे वाटले. स्मरणिका हाती पडताच आपण सर्वजण प्रथम चित्रे पाहतो. मूलनायकाचे छायाचित्र, पूज्य गुरुभगवंतांचे छायाचित्र, प्रतिष्ठा महोत्सवाची दृश्ये आणि मग दात्यांची नामावली. मजकुराची पाळी त्यानंतर येते. परंतु ही चित्रे अक्षरांच्या शेजारी येऊन बसतात कशी, त्यांना तेथे बसविण्यासाठी कोणकोणत्या काळी काय काय करावे लागले आणि त्यात आपल्या धर्माचाराचे कोणते प्रश्न उभे राहिले, याची नोंद सहसा कोणी करीत नाही. गोराईसारख्या उपनगरातील आपल्या न्यासाची पन्नास वर्षे ज्या काळात झाली, त्याच काळात छपाईची रीत मुळापासून पालटली. त्यामुळे हा विषय सुवर्णमहोत्सवाशी अगदीच असंबद्ध ठरू नये.

अक्षर आणि चित्र एका पानावर आणण्याचा प्रश्न छापखान्याबरोबर जन्मला, हा समज खरा नाही. आपल्या पूर्वजांनी तो शेकडो वर्षांपूर्वी हाताळला होता. जेसलमेरच्या ज्ञानभांडारातील ओघनिर्युक्तीची इ.स. १०६० ची सचित्र ताडपत्री प्रत प्रसिद्ध आहे. दिगंबर परंपरेत मूडबिद्रीच्या षट्खंडागमाच्या ताडपत्रांवर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्रे आहेत. ताडपत्राची रुंदी चार बोटांहून फारशी अधिक नसते. तेवढ्या पट्टीत मजकुराच्या ओळी, दोरा ओवण्याचे छिद्र आणि चित्र, असे तिन्ही बसवावयाचे. पुढे चौदाव्या शतकापासून कागद रुळला, कल्पसूत्राच्या व कालककथेच्या सचित्र प्रती विपुल होऊ लागल्या, तरी पानांचा आडवा आकार ताडपत्राचाच राहिला. छिद्राची गरज उरली नव्हती, तरीही त्या जागी शोभेचे वर्तुळ काढण्याची प्रथा पुष्कळ काळ चालू राहिली. जुन्या साधनाची मर्यादा नव्या साधनात अलंकार होऊन कशी टिकते, याचे हे मोठे गमतीदार उदाहरण आहे.

या पोथ्या तयार करण्याची पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. प्रथम लेखक, म्हणजे लहिया, संपूर्ण मजकूर लिहीत असे आणि लिहिताना चित्रासाठी चौकोनी जागा मोकळी सोडीत असे. चित्रकार मागाहून येई. त्याला कोणत्या चौकटीत काय काढावयाचे हे कळावे म्हणून समासात प्रसंगाचे नाव बारीक अक्षरात लिहिलेले असे. काही प्रतींत तर समासात लहानसे रेखाटनही आढळते. चौदा स्वप्ने, च्यवन, जन्माभिषेक, केशलोच, समवसरण असे प्रसंग ठरलेले असल्याने एवढी सूचना पुरेशी होती. लहियाला चित्र येत नसले तरी चालत होते, चित्रकाराला प्राकृत येत नसले तरी अडत नव्हते. दोघांमधील करार म्हणजे ती मोकळी चौकट आणि समासातील ती टीप. मांडू येथे १४३९ मध्ये तयार झालेले व आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेले कल्पसूत्र किंवा अहमदाबादचे देवसानो पाडो येथील सुमारे १४७५ चे अत्यंत अलंकृत कल्पसूत्र पाहताना हे श्रमविभाजन ध्यानी ठेवावे. पुढे संगणकाच्या प्रकरणात या मोकळ्या चौकटीची आठवण पुन्हा होणार आहे.

मुद्रणकला मुंबईत स्थिरावली, तेव्हा आरंभी अक्षर आणि चित्र यांचा हा सहवास तुटला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखन व चित्र एकाच दगडावर काढता येत असल्याने तेथे अडचण नव्हती. पण सुबक ग्रंथांसाठी खिळ्यांची छपाई हवी होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौंदर्य दिले, त्यामुळे संस्कृत-प्राकृत ग्रंथांना फार मोठा आधार मिळाला. भीमसी माणेक यांनी १८७६ मध्ये मुंबईत ‘प्रकरण रत्नाकर’ प्रकाशित करण्यास आरंभ केला. त्याच दशकात मुर्शिदाबादचे राय धनपतसिंह बहादूर यांनी आगमग्रंथ छापविण्याचे कार्य हाती घेतले. खिळे शिशाच्या मिश्रधातूचे, एकसारख्या उंचीचे. त्यांच्या चौकटीत चित्र घालावयाचे तर तेही लाकडावर वा धातूवर उठावदार कोरून, खिळ्याच्याच उंचीचे करून बसवावे लागे. खर्च मोठा आणि कोरणारे कारागीर थोडे. त्यामुळे प्रारंभीच्या कित्येक जैन ग्रंथांत चित्र म्हणून काही असेलच, तर ती मुखपृष्ठावरील वेलबुट्टीची चौकट असे.

छायाचित्राची गोष्ट तर त्याहून बिकट होती. १८६९ मध्ये मुंबईत जेम्स बर्जेस यांच्या प्रस्तावनेसह शत्रुंजयाच्या मंदिरांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रे साइक्स आणि ड्वायर या व्यावसायिकांनी घेतलेली होती. अक्षरांबरोबर छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती; म्हणून अशा ग्रंथांत मजकूर छापून घ्यावयाचा आणि प्रत्येक प्रतीत खरीखुरी छायाचित्रे हाताने चिकटवावयाची, हाच मार्ग होता. येथे एक विचित्र योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. त्या काळी छायाचित्राचा कागद अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार करीत असत. ज्या तीर्थाच्या पायथ्याशी भाविक अन्नपाण्याचा विवेक करून पायऱ्या चढू लागतो, त्या तीर्थाचे छायाचित्र अशा कागदावर उमटत होते, आणि याची कल्पना बहुतेकांना नसावी.

हा योगायोग केवळ गमतीचा नाही. जैन समाजात ग्रंथ छापण्यास जो कडवा विरोध झाला, त्याची चेष्टा करण्याची रीत सुधारकी लेखनात पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. त्या काळच्या छापखान्यात शाई लावण्याचा रूळ काकवी आणि सरस यांच्या मिश्रणातून ओतून काढीत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. पुस्तकबांधणीतही तोच सरस वापरला जाई. पुढे आलेल्या छायाचित्रणाच्या काचा, फिल्म आणि ब्रोमाइड कागद यांवरील थर जिलेटिनचा असे, आणि जिलेटिनही त्याच मूळ द्रव्यातून निघते. शिवाय छापील कागद स्वस्त झाला की रद्दीत जाणार, पायदळी येणार आणि त्यातून श्रुताची आशातना होणार, ही भीती होतीच. छापील ग्रंथाला मंदिरात स्थान देऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या मनात हे सारे होते. दुसऱ्या बाजूस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारखी धुरीण मंडळी होती. त्यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. भांडारात कसरीने खाल्ल्या जाणाऱ्या पोथीपेक्षा वाचली जाणारी छापील प्रत बरी, ही या पक्षाची भूमिका. काळाने कौल दुसऱ्या पक्षाला दिला. मूडबिद्रीच्या ज्या सिद्धांतग्रंथांचे शतकानुशतके केवळ दर्शन होत असे, त्यांचे मुद्रित प्रकाशन १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथून सुरू झाले, ही गोष्ट प्रत्येक मराठी जैनाने अभिमानाने सांगावी अशी आहे. मात्र पहिल्या पक्षाचा प्रश्न निकालात निघाला, असे यावरून समजू नये. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

चित्रमुद्रणाला वेग आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्यात आपल्या उपनगरांचाही वाटा आहे. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये सुरू झालेला रंगीत शिळाछापाचा छापखाना काही काळ घाटकोपरला होता. प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड, असे ते काम चाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी चित्रपटापूर्वी याच व्यवसायात, म्हणजे छायाचित्रण आणि ब्लॉक तयार करणे यांत, हात बसविला होता. पुण्याच्या चित्रशाळेने १९१० मध्ये ‘चित्रमयजगत्’ सुरू केले, तोवर हाफटोन ब्लॉक रुळला होता.

हाफटोन म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या संगणकीय फाइलींचे निम्मे नियम तेथूनच आले आहेत. छापखान्याला करडा रंग ठाऊक नसतो. शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच त्याला कळते. म्हणून छायाचित्र बारीक रेघांच्या जाळीतून पुन्हा टिपावयाचे. जेथे गडद तेथे ठिपके मोठे, जेथे उजळ तेथे ठिपके लहान. ते ठिपके जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून, खिळ्यांच्या उंचीचा करून जुळाऱ्याच्या हवाली करावयाचा. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचास ६५ रेघांची जाळी झेपते. आर्ट पेपरला १३३ किंवा १५० ची. म्हणूनच जुन्या स्मरणिकांत सर्व छायाचित्रे मध्येच घातलेल्या गुळगुळीत कागदाच्या स्वतंत्र पानांवर आढळतात आणि मजकूर साध्या कागदावर. ती पाने तशी वेगळी ठेवण्यामागे सजावटीची हौस नव्हती, जाळीचे गणित होते.

आपल्या मूर्तींच्या बाबतीत हे गणित अधिकच अवघड होते. शुभ्र संगमरवरी मूर्तीत मुखावरील सारा भाव अत्यंत उजळ छटांमधील सूक्ष्म फरकावर अवलंबून असतो. हे अतिसूक्ष्म ठिपके कोरताना आम्लात नाहीसे झाले की मुख कोऱ्या कागदासारखे दिसे आणि केवळ चक्षू उरत. श्यामवर्णी पार्श्वनाथांच्या मूर्तीत नेमके उलट. तेथे शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळत आणि फणा व मस्तक एकच काळा गोळा होई. जाणता ब्लॉकमेकर त्यावर उपाय म्हणून मूळ छायाचित्रावरच बारीक ब्रशने छटा सुधारून घेई. ती सुधारणा कितपत करावी, हा विवेकाचा प्रश्न होता. कारण ब्रश थोडा अधिक फिरला की भगवंतांचे मुख बदलत असे.

या तंत्राच्या बळावर जैन चित्रकलेचे पहिले मोठे दर्शन समाजाला घडले. अहमदाबादचे साराभाई मणिलाल नवाब यांनी १९३६ मध्ये ‘जैन चित्रकल्पद्रुम’ प्रसिद्ध केला. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे डॉ. मोतीचंद्र यांचा पश्चिम भारतीय जैन लघुचित्रांवरील ग्रंथ १९४९ मध्ये आला. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने आपला सुवर्णमहोत्सव ग्रंथ १९६८ मध्ये प्रकाशित केला आणि १९७५ मध्ये जैन चित्रांच्या नव्याने उजेडात आलेल्या साधनांवरील मोतीचंद्र व उमाकांत शाह यांचा ग्रंथही काढला. एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव ग्रंथ अभ्यासकांच्या संदर्भास उतरू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

१९७४-७५ हे भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष जैन मुद्रणाच्या इतिहासातही वेगळे उठून दिसते. मुनिश्री यशोविजयजी यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकार गोकुळदास कापडिया यांनी रंगविलेला ‘तीर्थंकर भगवान महावीर’ हा चित्रसंपुट १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील चित्रे पुढे कितीतरी उपाश्रयांच्या भिंतींवर आणि पुस्तिकांत उतरली. येथूनच एक दोष बळावला. मूळ चित्र हाती नसल्याने लोक छापील चित्राचाच ब्लॉक करू लागले. छापील चित्रात आधीच एक जाळी असते. तिच्यावर दुसरी जाळी पडली की चित्रावर पाण्यातील तरंगासारखी नक्षी उमटते. आजही एखाद्या पूजेच्या पुस्तिकेतील जन्माभिषेकाच्या चित्रावर असे चौकटीचौकटीचे तरंग दिसले, तर ती प्रत कितव्या पिढीची असेल याचा अंदाज बांधता येतो.

याच महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी एकमताने स्वीकारलेले जैन प्रतीक आणि पंचरंगी ध्वज आपल्याला मिळाले. एकही जैन स्मरणिका, पत्रिका वा पावतीपुस्तक या प्रतीकावाचून निघत नाही. म्हणून रेखाचित्र आणि ठिपक्यांचे चित्र यांतील भेद सांगण्यास त्याहून योग्य उदाहरण नाही.

प्रतीकाची बाह्यरेषा ही लोकाकृती आहे. दिगंबर परंपरेच्या तिलोयपण्णत्तीत लोकाचे जे प्रमाण दिले आहे ते असे : उंची १४ रज्जू, तळाशी रुंदी ७, मध्यलोकी १, ब्रह्मलोकापाशी ५ आणि शिखरावर पुन्हा १ रज्जू, खोली सर्वत्र ७. यावरून लोकाचे घनफळ ३४३ घनरज्जू येते. खालच्या भागाचे १९६ आणि वरच्या भागाचे १४७, ही बेरीज कोणीही करून पाहावी. या ग्रंथाचा पहिला भाग डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये निघाला. आता गंमत पाहा. एवढ्या वर्णनावरून केवळ आठ बिंदू निश्चित होतात आणि ते रेषांनी जोडले की लोकाकृती तयार होते. ती बोटाएवढी काढा वा मंदिराच्या घुमटाएवढी, तिची धार बोथट होत नाही, कारण आपल्याजवळ चित्र नाही, चित्र काढण्याची आज्ञा आहे. १९८४-८५ च्या सुमारास संगणकीय मुद्रणात आलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा नेमके हेच करते. अमुक बिंदूवर जा, तमुक बिंदूपर्यंत रेषा ओढ, आकृती बंद कर, रंग भर. अशा आज्ञांची स्वतंत्र फाइल म्हणजे ईपीएस. उलट तेच प्रतीक एखाद्या जुन्या पावतीवरून स्कॅन केले, तर मिळतो तो ठिपक्यांचा पट. तो मोठा केला की कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, हाताच्या तळव्यावरील चक्रातील ‘अहिंसा’ हा शब्द भरून जातो, २४ आरे एकमेकांना चिकटतात आणि खालचे तत्त्वार्थसूत्रातील सूत्र वाचता येत नाही. ज्या शब्दासाठी ते चक्र आहे तोच शब्द वाचता न यावा, असा अनुभव आपणा सर्वांच्या घरातील पत्रिकांत वारंवार येतो.

रेखाचित्रालाही मर्यादा आहे. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने. त्याभोवती लवणसमुद्र दोन लाख, धातकीखंड चार लाख, कालोदधी आठ लाख आणि पुष्करार्ध आठ लाख योजने रुंद. दोन्ही बाजू मिळून अढाई द्वीपाचा व्यास ४५ लाख योजने होतो. हे चित्र प्रमाणात ४५ मिलिमीटर रुंद छापले, तर जंबूद्वीप एक मिलिमीटरचा ठिपका होईल आणि आपले भरतक्षेत्र, ५२६ पूर्णांक ६/१९ योजनांचे, त्या मिलिमीटरचा १९० वा भाग. इंचास ३०० बिंदूंच्या स्कॅनमधील एक बिंदू याहून सोळापट मोठा असतो. म्हणून अढाई द्वीपाचे नकाशे काढणाऱ्या आपल्या प्राचीन चित्रकारांनी जंबूद्वीप मुद्दाम मोठा काढला. तो अज्ञानाचा दोष नव्हे. संगणकावर काम करणाऱ्या तरुणाने ते चित्र ‘दुरुस्त’ करू नये.

उपनगरांतील न्यासांच्या कामकाजात संगणक शिरला तो १९९० च्या दशकात. त्यापूर्वी ब्लॉक जाऊन ऑफसेट आले होते. मजकुराचे ब्रोमाइड आणि चित्रांच्या पॉझिटिव्ह फिल्म काचेच्या टेबलावर कापून चिकटवीत. फिल्म पारदर्शक असल्याने ती उलट बाजूने चिकटली तरी पटकन कळत नसे. सामान्य छायाचित्रात त्याने फारसे बिघडत नाही. आपल्या चित्रांत मात्र स्वस्तिकाची दिशा फिरते, मूर्तिलेखाची अक्षरे आरशातल्यासारखी होतात आणि तीर्थंकरांच्या उजवीकडील यक्ष डावीकडे व डावीकडील यक्षी उजवीकडे जाते. जुनी छायाचित्रे पाहून मूर्तिविज्ञानाची अनुमाने काढणाऱ्या अभ्यासकांनी ही शक्यता सदैव ध्यानी ठेवावी.

मग पेजमेकर आले, कोरल ड्रॉ आले, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि आकृती यांचे देवनागरी टंक आले. चित्राच्या फाइलींचे प्रकार वाढले. टिफ छपाईस उत्तम पण अवजड. १९९२ चे जेपेग हलके, पण प्रत्येक वेळी साठविताना थोडे थोडे गमावणारे. इंचास ३०० बिंदू हवेत, हा जो नियम डीटीपीवाले सांगतात, तो त्या जुन्या जाळीतूनच निघाला आहे : १५० रेघांची जाळी आणि प्रत्येक रेघेस दोन बिंदू. सहा इंच रुंद छापावयाच्या चित्रास म्हणजे १८०० बिंदू पाहिजेत. मोबाइलवरून निरोपासोबत आलेले छायाचित्र वाटेत आकसलेले असते. ते पडद्यावर सुंदर दिसते आणि छापल्यावर धुरकट येते. त्यात दोष छापखान्याचा नसतो.

रंगांचीही तीच कथा. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो, छापखाना शाईचे चार. ध्वजाचे पाच पट्टे पंचपरमेष्ठींचे द्योतक आहेत. पडद्यासाठी केलेली फाइल तशीच छापण्यास दिली की हिरवा मळकट आणि निळा जांभळट होतो. रूपांतर आधी करून, कागदावर नमुना काढून मगच संमती द्यावी.

या काळाचा एक चमत्कारिक नियम असा की पेजमेकरच्या पानात मोठ्या चित्राची सहसा केवळ झलक असे. मूळ चित्र निराळ्या फाइलीत, आणि पानात तिचा पत्ता. फ्लॉपीवर वा सीडीवर पानाची फाइल छापखान्यात पोहोचली व चित्राची घरी राहिली, की मूलनायकाच्या जागी अस्पष्ट चौकोन छापला जाई. अमेरिकेतील प्रा. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये गणिती ग्रंथांसाठी रचलेल्या टेक या प्रणालीत तर ही गोष्ट तत्त्व म्हणूनच स्वीकारली होती. टेकला चित्र कळतच नाही. त्याला फक्त एवढी उंची, एवढी रुंदी असलेली रिकामी पेटी कळते. ती पेटी सोडून ते ओळी जुळविते आणि चित्र भरण्याचे काम पुढच्या आज्ञावलीवर सोपविते. पेटीची मापे ईपीएस फाइलीच्या आरंभीच लिहिलेली असतात; डाव्या-खालच्या आणि उजव्या-वरच्या कोपऱ्यांचे चार आकडे, इंचाच्या ७२ व्या भागात मोजलेले. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुईस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली आणि पुढे संस्कृत-प्राकृताच्या अनेक पाश्चात्त्य अभ्यासकांनी ती वापरली. लहियाची मोकळी चौकट आणि समासातील टीप यांचे हे पुनर्दर्शन पाहून कोणा पोथीलेखकास नवल वाटले नसते.

त्या चार आकड्यांना आपल्या दृष्टीने फार महत्त्व आहे. चौकट चुकीची आखली की चित्र कापले जाते, आणि कापले जाते ते बहुधा खालून. मूर्तीच्या खाली, पीठिकेवर, लांछन असते. वृषभ असेल तर आदिनाथ, मृग असेल तर शांतिनाथ, सिंह असेल तर महावीर. ते लांछन व त्याखालील मूर्तिलेख कापला गेला, तर पन्नास वर्षांनी ते चित्र कोणत्या भगवंतांचे, हे सांगणारा उरत नाही. दुसरा प्रमाद ताणण्याचा. पानात जागा उरली म्हणून चित्र आडवे ओढणारे हात पुष्कळ आहेत. पद्मासनस्थ जिनमूर्तीचे शास्त्र असे की दोन गुडघ्यांमधील अंतर, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंतचे, डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतचे आणि आसनापासून ललाटावरील केशांतापर्यंतचे, ही चारही मापे समान. समोरून घेतलेल्या छायाचित्रावर पट्टी ठेवून हे ताडता येते. मुद्रिते तपासताना शुद्धलेखनाइतकीच ही तपासणी करावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत पोदनपूर येथे आदिनाथ, भरत व बाहुबली यांच्या उत्तुंग उभ्या मूर्ती आहेत. त्यांचे छायाचित्र पायाशी उभे राहून घेतले की चरण मोठे व मुख लहान येते. दूर जाऊन, उंच जागेवरून घ्यावे लागते. ते न करता संगणकावर ओढाताण करून मुख मोठे करणे, यास आमच्या मते मूर्तीशी छेडछाडच म्हणावे.

आता आशातनेच्या प्रश्नाकडे. फिल्म न वापरता संगणकावरून थेट प्लेट करण्याची रीत आली, तेव्हा चित्र तयार करण्याच्या कामातून जिलेटिनचा थर निघून गेला. रूळ रबराचे झाले ते त्याही पूर्वी. जुन्या विरोधकांचा एक आक्षेप असा यंत्राच्या प्रगतीनेच बव्हंशी दूर झाला. दुसरा आक्षेप मात्र शतपटीने वाढला आहे. चित्र तयार करणे फुकटासमान झाल्याने प्रत्येक आमंत्रणपत्रिकेवर, फलकावर, मिठाईच्या खोक्यावर भगवंतांची प्रतिमा येते आणि कार्यक्रम संपताच ती कचऱ्यात जाते. अनेक पूज्य साधुसाध्वी याविषयी वारंवार सांगत आले आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की जे जपून ठेवले जाणार नाही, त्यावर प्रतिमा छापू नये. अष्टमंगलातील एखादे रेखाचिन्ह तेथे पुरेसे आहे. स्मरणिका जपली जाते, म्हणून तीत प्रतिमा असावी, आणि असावी तर निर्दोष असावी.

जपण्याच्या बाबतीत संगणकाची कीर्ती मात्र चांगली नाही. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ ची. त्या काळच्या जुन्या टंकांपैकी ज्यांना टाइप वन म्हणत, त्यांचा आधार अडोबी कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. त्या दिवसांत तयार झालेल्या कितीतरी संस्थांच्या स्मरणिका सीडीवर आहेत, आणि त्या उघडता येत नाहीत, किंवा उघडल्या तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. सव्वापाचशे वर्षांपूर्वीचे कल्पसूत्र उघडण्यास भांडाराची किल्ली पुरते. वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडण्यास बंद पडलेले यंत्र लागते. म्हणून छपाई आटोपल्यावर संस्थेने चार वस्तू मागून घ्याव्यात : टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ, युनिकोडमधील मजकूर, न कापलेली मूळ छायाचित्रे पूर्ण आकारात, आणि प्रत्येक छायाचित्राची माहिती. या चौथ्या वस्तूकडे बहुधा दुर्लक्ष होते. मूर्ती कोणत्या भगवंतांची, कोणत्या द्रव्याची, प्रतिष्ठा कोणत्या संवतात, मूर्तिलेखाचे वाचन काय, छायाचित्र कोणत्या वर्षी घेतले, एवढे समासातील टिपेसारखे थोडक्यात लिहून फाइलीच्या शेजारी ठेवावे.

न्यासाच्या सभासदांच्या घरी जुन्या प्रतिष्ठा महोत्सवांची, चातुर्मास प्रवेशांची, रथयात्रांची छायाचित्रे असतील. क्वचित कोणाकडे जुना लाकडी ठोकळ्यावरचा ब्लॉकही असेल. तो भंगारात देऊ नये, शाई लावून त्याचा ठसा आजही घेता येतो. छायाचित्रे स्कॅन करताना मोबाइलने फोटोचा फोटो न काढता सपाट स्कॅनरवर इंचास ६०० बिंदूंनी घ्यावीत आणि मागील बाजू कोरी नसेल तर तीही घ्यावी, कारण तारीख व नावे बहुधा तेथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात.